एक इंचही न हलणारा लॅपटॉप

जुना कॉम्प्युटर एका मंगळवारी सकाळी 'टुक्' असा आवाज करून कायमचा गप्प झाला, आणि त्या 'टुक्'ने दचकूच्या हातातला कप खाली पडून फुटला. एवढ्याशा आवाजाने कप फुटतो का, असं कुणी विचारेल. या घरात फुटतो. कुकरच्या शिट्टीने फुटतो, दारावरच्या बेलने फुटतो, एकदा तर सासऱ्यांच्या शिंकेने काचेचा जग गेला होता. घरच्या सुनेला सगळे दचकू म्हणत ते काही उगाच नाही.

तिचं कामच तसं होतं म्हणा. औषधाच्या खोक्यात घडी घालून एक कागद ठेवलेला असतो ना, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांचा, जो कुणीही कधीही वाचत नाही? तो कागद छापायला जाण्याआधी दचकू वाचायची. शब्दन् शब्द. दिवसभर 'चक्कर येणे, धडधड वाढणे, क्वचित प्रसंगी बेशुद्धी' असलं वाचून माणूस घरी आला की त्याला जिना चढल्यावर लागणारा दमही साधा वाटत नाही. (लग्नाच्या पहिल्या महिन्यात नवऱ्याने "तुला पाहिलं की धडधडतं" असं म्हटलं होतं, तर तिने त्याला आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "डाव्या हाताला मुंग्या येतायत का?")

तर कॉम्प्युटर गेला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. इथली शाखा बंद होणार. तपासनीसांपैकी फक्त एकीला ठेवणार, तीही घरून काम करायला. ज्यांना हवंय त्यांनी पुढच्या महिन्यात पंधरा तारखेला घरूनच परीक्षा द्यावी, प्रत्येकीला वेगळी वेळ; दचकूची सकाळी अकराची. मुख्य तपासनीस बाई समोर स्क्रीनवर असतील. अटी दोन: स्वतःचं चालू मशीन आणि शांत जागा.

दचकूने पत्र चार वेळा वाचलं. (एक चूक सापडली. तिने पेन्सिलीने गोल केला आणि मग घाबरून खोडला.)

"घेऊया की लॅपटॉप," नवरा म्हणाला. "त्यात काय!"

नवरा पाणीपुरवठा खात्यात क्लार्क. 'त्यात काय' हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणून झालं की पुढचे तीन आठवडे त्यात काय काय आहे तेच तो शोधत बसे. त्याने वहीत रकाने आखले. रॅम, प्रोसेसर, स्क्रीन, वजन, वॉरंटी. ऑफिसात ज्याला भेटेल त्याला विचारलं. एक म्हणाला हलका घे, दुसरा म्हणाला हलका घेऊन काय करणार, वहिनी काय तो घेऊन डोंगर चढणार आहेत? तिसरा म्हणाला सेकंडहँड घे. ते दचकूने वहीतून लगेच खोडायला लावलं. आधीच्या माणसाने त्यावर काय खाल्लं असेल, काय सांडलं असेल, रागात किती बुक्क्या मारल्या असतील!

शेवटी सगळं कुटुंब दुकानात गेलं. नवरा वही घेऊन, सासूबाई पिशवी घेऊन आणि बाबा हात मागे बांधून.

बाबा म्हणजे सासरे. चाळीस वर्षं सुतारकाम केलेलं, आता निवृत्त. दुकानात शिरताच त्यांनी आधी काउंटरवर बोटाच्या पेराने टकटक केलं, "भुसा दाबलेली फळी," असं पुटपुटले आणि दुकानाबद्दलचा त्यांचा आदर तिथेच संपला.

काउंटरवरची मुलगी चटपटीत होती. तिने दचकूला एकच प्रश्न विचारला, जो नवऱ्याच्या वहीत नव्हता.

"मॅडम, तुम्ही तो घेऊन फिरणार आहात का एका जागी बसून काम करणार?"

"एका जागी," दचकू म्हणाली. "म्हणजे… शक्यतो."

"मग हा बघा. मोठा स्क्रीन, आकड्यांच्या वेगळ्या कीज, रॅम नंतर वाढवता येते, आणि तुमच्या बजेटमध्ये. जड आहे जरा, बॅटरीही बेताचीच, म्हणून तर स्वस्त. पण याला आम्ही डेस्कटॉप रिप्लेसमेंट म्हणतो. जुना मॉनिटर, कीबोर्ड, माउस सगळं याला जोडा, टेबलावर ठेवा आणि विसरून जा."

"म्हणजे टेबलावरून हलवायचा नाही," बाबा म्हणाले.

"हलवायची गरजच नाही काका."

बाबांनी मान डोलावली. लॅपटॉपच्या पाठीवर टकटक केलं, त्याची जाडी अंगठ्याने मोजली आणि कुणाला काही न बोलता दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोक्यात काय शिजत होतं ते तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण नवरा वहीत टिकमार्क करत होता आणि दचकू वॉरंटीच्या पुस्तिकेतल्या 'धोक्याच्या सूचना' वाचत होती. त्यात मांडीवर ठेवून वापरल्यास त्वचा भाजण्याची शक्यता लिहिली होती. तिने तिथल्या तिथे ठरवलं, मांडीवर कधीच घ्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला खुर्चीवर बसवलं, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावला, आणि खोलीचं दार लावून घेतलं. चार दिवस आतून रंध्याचा आवाज येत होता. सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "अहो, जेवायला तरी या! परीक्षा तिची आहे का तुमची?" आणि आतून फक्त करवत उत्तर द्यायची.

पाचव्या दिवशी दार उघडलं.

टेबल होतं. पण टेबल म्हणणं म्हणजे अन्यायच. जुनं सागवान, बहुतेक कुठल्यातरी कपाटाचं, मधासारखं पॉलिश, पाय टेकवायला खाली तिरकी फळी, कारण दचकूचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात हे बाबांनी कधीतरी पाहून ठेवलं होतं. आणि मधोमध, फळीत खाच पाडून, लॅपटॉप असा बसवलेला की बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपतं आणि मशीन कुठे सुरू होतं ते कळू नये. चारी कडांना सागाची नाजूक पट्टी. खालून हवा खेळायला जाळी. वायरींना भोकं. जुना मॉनिटर मागच्या फळीवर.

"धक्का दे," बाबा म्हणाले.

"अं?"

"दे की. जोरात दे."

दचकूने बोटाने ढकललं.

"एक इंच हलणार नाही," बाबा म्हणाले. "आता तू बेल वाजली म्हणून दचक, मांजर ओरडलं म्हणून दचक. कप जाईल, हा जायचा नाही. आणि स्क्रू शोधून दाखव एक. माझ्या कामात स्क्रू दिसत नाही."

दचकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या कोपराच्या मापाची एकही वस्तू आजवर या जगात नव्हती. ती वाकून बाबांच्या पाया पडायला गेली आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटलं. टेबल हललं नाही.

पण त्या दुपारी बाबा फेरफटका मारायला गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, हा काढायचा कसा?"

(चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणायची आणि दोघंच असली की 'अरे'. ही सोय लग्नाआधीच ठरली होती.)

"अरे, काढायचा कशाला?"

"कशाला म्हणजे? लॅपटॉप आहे तो! उद्या बिघडला तर? दुरुस्तीवाल्याला काय टेबल नेऊन देणार?"

दोघांनी टेबलाखाली शिरून पाहिलं. स्क्रू नाही. पट्टीखाली नख घालून पाहिलं. फट नाही. नवऱ्याने स्वयंपाकघरातून सुरी आणली तेव्हा दचकूने त्याचा हातच धरला.

"खरवडलं तर त्यांना कळेल!"

"मग विचार त्यांना."

"मी? आणि काय विचारू? की बाबा, तुम्ही चार दिवस उपाशीतापाशी राबून जे केलंत ते चुकलंय? तू विचार, तुझे वडील आहेत."

"माझे आहेत म्हणून तर नाही विचारू शकत. लहानपणी त्यांनी केलेल्या स्टुलाला मी 'डुगडुगतोय' म्हटलं होतं. ते अजून त्याचं नाव काढतात."

तेव्हा कुणीच काही विचारलं नाही. दोघांनी आपापल्या मनाशी समजूत घातली की मशीन टेबलात कायमचं चिकटवलेलं आहे, आणि नाकापेक्षा मोती जड झाला तरी मोती आपलाच आहे. आणि खरं सांगायचं तर दिवस छान जात होते. जुना कीबोर्ड, जुना माउस, दोन-दोन स्क्रीन, पायाखाली फळी. मशीन स्वस्तातलं, पण एकदाही अडकलं नाही. दचकू रोज सराव करी, आणि तिला आयुष्यात प्रथमच वाटू लागलं की कदाचित काहीही वाईट होणार नाही.

पंधरा तारखेला दहा वाजून वीस मिनिटांनी वरच्या मजल्यावर न्हाणीघराच्या फरश्या फोडायला सुरुवात झाली.

पहिल्या घणाला दचकू खुर्चीवरून उठली. दुसऱ्याला बसली. तिसऱ्याला पुन्हा उठली. छताचा बारीक चुरा कीबोर्डवर पडला. नवरा वर धावला. वरचे घरमालक गावाला गेलेले, आणि फोडणारे दोघे म्हणाले, साहेब, आज फोडलं नाही तर उद्या प्लंबर परत जाईल. हे सांगताना त्यांनी घण थांबवला नाही.

"शांत जागा," दचकू रडवेली होऊन म्हणाली. "अट आहे ती. शांत जागा!"

"अगं, मग रडतेस काय?" सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. "तळमजल्यावरच्या चष्मेवाल्या काकूंकडे जा. मागची खोली म्हणजे नुसती शांतता. मी फोन करते त्यांना. तो लॅपटॉप घे काखोटीला आणि नीघ."

खोलीत सन्नाटा पसरला. म्हणजे वरून घण पडतच होता, पण घणाच्या मधल्या जागेत सन्नाटा.

बाबा दाराशीच उभे होते. दचकूने त्यांच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

खरं बोलायला तेवढा एकच क्षण होता. पण घाबरट माणसाचं असंच असतं. खरं बोलायची वेळ आली की त्याच्या तोंडून काहीतरी गोड निघून जातं.

"नको आई," दचकू म्हणाली. "मला… मला या टेबलाशिवाय जमतच नाही."

बाबांनी घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला.

"मग टेबल नेऊ," ते म्हणाले, आणि बाह्या सारल्या.

मॉनिटर काढून ठेवला. टेबल आडवं करून, पाय आधी बाहेर काढून दारातून सुटलं. जिन्याच्या पहिल्या सात पायऱ्याही उतरल्या. पुढे नवरा, मागे बाबा, मध्ये "हळू, हळू, हळू" करणारी दचकू आणि दारात फोनवर "पाठवलंय हो, टेबलासकट" असं सांगणाऱ्या सासूबाई. मग वळण आलं. जिन्याला जसं वळण असतं तसंच साधं वळण. टेबल तिरकं झालं, एक पाय कठड्यात गेला, एक भिंतीला लागला, आणि जे बसलं ते बसलं. बाबा जे करतात ते पक्कंच होतं.

"उजवीकडे घे!"

"कुणाच्या उजवीकडे?"

"अरे, तो पाय काढ ना तुझा मधून!" दचकू किंचाळली.

'अरे'! भर जिन्यात, सासूसासऱ्यांसमोर! क्षणभर सगळेच थबकले. सासूबाईंनी फोनवर काकूंना सांगितलं, "काही नाही हो, मुलं बोलतायत."

नवऱ्याला पाय काढता येत नव्हता, कारण तो पाय टेबल आणि भिंत यांच्यामध्ये होता. दुखत नव्हता, फक्त निघत नव्हता.

तेवढ्यात खालून धापा टाकत ते दोघे फरशीवाले आले, प्रत्येकाच्या खांद्यावर वाळूचं पोतं. या सगळ्या धांदलीत घण केव्हा थांबला आणि ते केव्हा खाली उतरले, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"वर जायचंय," एकजण म्हणाला.

"आम्हाला खाली जायचंय," बाबा म्हणाले.

कुणालाच कुठेही जाता येणार नव्हतं. आणि मग दचकूच्या कानांना ती गोष्ट ऐकू आली. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. वर फोडायला कुणी उरलंच नव्हतं. संपूर्ण इमारतीत त्या क्षणी सर्वात शांत जागा कुठली असेल, तर ती जिन्याचं ते वळण.

आणि लॅपटॉप वाजू लागला. अकरा.

दचकू अशी दचकली की कठडा नसता तर तळमजल्यावर काकूंकडे एकटीच पोचली असती. पण लॅपटॉप जागचा हलला नाही. ती पायरीवर बसली, बटण दाबलं, आणि समोर मुख्य तपासनीस बाई उगवल्या. तिरक्या. टेबलच तिरकं होतं ना. सरळ दिसावं म्हणून दचकूने मान डावीकडे कलती केली. बाईंनीही नकळत केली.

"तुम्ही कुठे बसला आहात?"

"घ… घराजवळ, मॅडम."

"मागे कोण आहेत?"

मागे वरच्या पायरीवर बाबा होते, हाताची घडी घालून, फोटोला बसावं तसे.

"सासरे. ते… त्यांनी टेबल केलंय."

बाईंनी घड्याळात पाहिलं. "चाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "कागद समोर येईल. जितक्या चुका सापडतील तितक्या दाखवा."

जुना कीबोर्ड घरीच राहिला होता आणि माउस केव्हाच घरंगळून पायऱ्यांवरून गेला होता. दचकूने प्रथमच लॅपटॉपच्या स्वतःच्या कीजवर बोटं ठेवली. खोकल्याचं औषध. 'जेवणानंतर'च्या जागी 'जेवणादरम्यान'. 'सहा वर्षांवरील' आणि खाली 'सहा वर्षांखालील'. तिला आजूबाजूचं काही दिसेनासं झालं. भिंतीशी अडकलेला नवरा नाक खाजवायलाही हलत नव्हता. सासूबाई वरच्या दारात उभ्या राहून खाली उतरू पाहणाऱ्या शेजाऱ्यांना नुसत्या डोळ्यांनी थोपवत होत्या. फरशीवाल्यांनी पोती खाली ठेवून त्यावर बैठक मारली. त्यातल्या एकाला शिंक येऊ घातली तर दुसऱ्याने त्याचं नाक धरलं. बॅटरी चाळीस टक्के, तीस, बावीस. स्वस्तातली बॅटरी ती, बिचारी दम धरून होती.

नऊ टक्क्यांवर दचकूने "झालं" म्हटलं.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"आम्ही दहा चुका घातल्या होत्या. तुम्ही अकरा काढल्यात."

दचकूचं धाबं दणाणलं. "चुकलं का माझं? मला वाटलं चमच्याऐवजी वाटी छापलंय, एवढ्याशा मुलाला वाटीभर औषध म्हणजे… मला रात्रभर झोप लागली नसती मॅडम…"

"ती अकरावी आमचीच आहे," बाई म्हणाल्या. "हा कागद उद्या छापायला जाणार होता." मग त्या पहिल्यांदा हसल्या, मान तशीच कलती ठेवून. "बाकीच्यांच्या परीक्षा सकाळी आठपासून एकेक करून झाल्या. त्यांनी शांत खोलीत बसून सात-आठ काढल्या. इतकी घाबरणारी माणसं मिळत नाहीत हो आता. नोकरी तुमची. फक्त एक. दर सोमवारी मुख्य ऑफिसात यायचं, आपला लॅपटॉप घेऊन."

स्क्रीन काळा झाला.

जिन्यात टाळ्या पडल्या. नवरा एका पायावर नाचला. फरशीवाल्यांनी दोन दणके देऊन टेबल सोडवलं, उचलून वर नेऊन ठेवलं आणि "ताई, आता फोडू ना?" असं विचारून गेले.

दचकू मात्र रडत होती. आनंदाने रडतेय असं सगळ्यांना वाटलं. पण ती रडता रडता "सोमवार, सोमवार" म्हणत होती. शेवटी तिने डोळे घट्ट मिटले आणि मघाशी जे बोलायचं राहिलं होतं ते एका दमात बोलून टाकलं.

"बाबा, मला टेबल खूप आवडतं, खरंच आवडतं, पण लॅपटॉप न्यावा लागणार आणि तो निघत नाही, तुम्ही कायमचा बसवलाय, तर काय करायचं?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाखाली हात घातला. 'टक्' असा आवाज आला. जाळीमागे लाकडाची एक खुंटी होती. ती अंगठ्याने दाबली की पट्टी मागे सरकत होती. लॅपटॉप अलगद वर आला, नुसता तळहातावर.

"कायमचं बसवतो तो गवंडी," बाबा म्हणाले. "सुतार सोय ठेवतो."

नवरा आ वासून खाली बसला.

"मग बाबा," दचकू डोळे पुसत म्हणाली, "जिन्यात का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय?" बाबा म्हणाले. "लॅपटॉप निघतो हे तुला माहीत असणारच, इतकी शिकलेली तू. तरी म्हणालीस, टेबलाशिवाय जमत नाही. मी म्हटलं, चाळीस वर्षं कामं केली, असं कुणी म्हणालं नव्हतं." ते खिडकीबाहेर बघू लागले. "तेव्हा सोमवारचीही काळजी करू नकोस. चाकं बघून ठेवलीत मी. रबराची आहेत, आवाज नाही होणार. लावू ना?"

नवरा तिच्याकडे बघून जोरजोराने मान हलवू लागला. नाही. नाही. नाही.

दचकूने बाबांच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला:

"लावा की बाबा. मागच्या दोन पायांना ब्रेकवाली असतील तर बरं."